पितळ निकामी झालं म्हणे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी आठवत नाही. पण साकीनाक्याच्या त्या कारखान्याचा ताळेबंद आठवला की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आता तरी सोडा." सुटत नाही. त्याचं एक कारण त्या लोकांचा निर्लज्जपणा, आणि दुसरं कारण मी स्वतः. दुसरं कारणही इथे लपवणार नाही.

त्या वेळी मी त्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. हद्दीत छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे. रोजची कामं म्हणजे हाणामाऱ्या, मोबाइल चोऱ्या, कामगारांचे तंटे. ऑगस्ट महिना होता. सकाळी अकराच्या सुमारास चारकोपहून एक बाई आल्या. पंचेचाळीस-सेहेचाळीस वय, साधी सुती साडी, हातात कागदांची प्लॅस्टिकची फाइल. बसा म्हटल्यावरही बऱ्याच वेळाने खुर्चीच्या कडेवर बसल्या.

त्यांची हकीगत अशी. त्यांचे यजमान मूळचे मालवणचे, डाय, म्हणजे धातूच्या भागांचे साचे, बनवणारे कारागीर. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलगा टूलरूममध्ये शिकला. पुढे एका व्यापाऱ्याबरोबर त्यांनी भागीदारीत कारखाना काढला. विजेच्या स्विचमध्ये लागणारे पितळेचे सुटे भाग बनवायचा. हात याचे, बाजार त्याचा, नफा-तोटा निम्मा निम्मा. अठरा वर्षं हे चाललं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यजमान हृदयविकाराने गेले. जुलैमध्ये भागीदार घरी आला, यजमानांच्या फोटोला हार घातला, चहा घेतला आणि मार्चअखेरचा ताळेबंद पुढे ठेवला. त्यात मृत भागीदाराचं भांडवल उणे बावीस लाख दाखवलेलं होतं. म्हणजे गेलेल्या माणसाचंच फर्मला देणं निघत होतं.

"ते म्हणतात, बावीस लाख भरा, नाहीतर चारकोपचं घर माझ्या नावावर करा," बाई सांगत होत्या. "वर दहा लाख देतो म्हणतात. गणपतीच्या आधी कागद करून टाकू, असं म्हणतात. साहेब, घराशिवाय माझ्याकडे काहीच नाही हो. मुलगी शिकतेय अजून."

मी तो कागद दोन मिनिटं चाळला. खरं सांगायचं तर चाळला असंही म्हणता येणार नाही. आकड्यांचे दोन रकाने दिसले आणि मी कागद मिटला. हिशेबाचे कागद समोर आले की भल्याभल्या पोलीस अधिकाऱ्याला झोप येते, त्याला मी अपवाद नव्हतो.

"बाई, हा भागीदारीतला वाद आहे. वकील बघा, कोर्टात जा."

त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, यात लिहिलंय की बहात्तर लाखांचा माल निकामी झाला. माल पितळेचा आहे ना?" आणि मग रागाच्या भरात गावची बोली तोंडात आली, "पितळ कधी निकामी होता काय, साहेबानु? फुटकी कळशी पण किलोवर विकली जाता!"

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अर्जावर आमचं ठरलेलं वाक्य लिहिलं: 'सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली.' हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप लिहितो. पैशाच्या वादात पोलिसांनी पडायचं नाही, पडलं की वरून बोलणी बसतात, हे पहिल्या वर्षीच कळतं. त्यात भर म्हणजे आमच्या ठाण्याच्या व्हरांड्यातला पाण्याचा कूलर त्याच व्यापाऱ्याने दिलेला होता. त्यामुळे मी तसं लिहिलं, असं मी म्हणणार नाही. पण तो 'सज्जन माणूस' आहे हे माझ्या डोक्यात आधीच बसलेलं होतं, हे मान्य करतो. बाईंना वाटाण्याच्या अक्षता लावून मी जेवायला गेलो.

दुपारी आमच्या महिला हवालदार केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. आवक-जावकचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. मूळ वाशिमकडचं कुटुंब, वडील चेंबूरला फिटर होते, या स्वतः बीकॉम झालेल्या. मोजकं आणि तोंडावर बोलणाऱ्या. हातात तोच अर्ज होता.

"साहेब, पाच मिनिटं आहेत?"

"बोला."

"हा ताळेबंद खोटा आहे."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, सीएची सही आहे त्यावर. तुम्ही कधीपासून सीए झालात?"

"सीए कशाला पाहिजे साहेब? माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. बुककीपिंगमध्ये 'भागीदाराचा मृत्यू' असा धडाच आहे. गेल्या रविवारी मीच तिला शिकवला." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिलीने खुणा करू लागल्या. "हे बघा. या माणसाचे फर्ममध्ये चौदा लाख जमा होते. मग बहात्तर लाखांचा माल निकामी म्हणून तोट्यात टाकला. तोटा निम्मा निम्मा, म्हणजे याच्या वाट्याला छत्तीस. चौदातून छत्तीस गेले, उणे बावीस. सगळा खेळ या एका ओळीत आहे."

"असेल खराब झाला माल."

"पितळ साहेब. भंगारात घातलं तरी बाजारभावाच्या अर्ध्याच्या वर पैसे येतात. इथे भंगाराचा एक रुपया दाखवलेला नाही. बरं, तेही सोडा." पेन्सिल कागदाच्या डाव्या बाजूला गेली. "हे बँकेचं कॅश क्रेडिट, पंचेचाळीस लाख. हे कर्ज बँक गाळ्यातल्या मालावर देते. आणि इकडे शिल्लक माल किती? चार लाख. येणी धरली तर आणखी पाच. नऊ लाखांच्या मालमत्तेवर पंचेचाळीस लाख कोणती बँक देते? मला पत्ता सांगा, मी पण घेते."

मी कागद स्वतःकडे ओढला.

"बँकेकडे दुसरा कागद असणार साहेब. याच तारखेचा."

पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत मी संशयिताचे डोळे, हातांची चुळबुळ, घशाखाली उतरणारा आवंढा, सगळं वाचायला शिकलो होतो. पण समोर पडलेला कागद वाचला नव्हता. जे त्या कारागिराच्या विधवेने फुटक्या कळशीवरून सांगितलं तेच हवालदार बाईंनी पेन्सिलीने सांगितलं, आणि निरीक्षक मात्र समज देऊन मोकळा झाला होता. मला स्वतःची लाज वाटली. मी अर्जावरचा माझा शेरा खोडला, खाली सही केली आणि अर्जदार बाईंना फोन लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी माफी मागितली नाही, अधिकाऱ्याला ते जमत नाही. पण त्यांचा जबाब स्वतः नोंदवला, आणि घराच्या कुठल्याही कागदावर सही करू नका असं बजावलं.

बँकेला पत्र पाठवलं. बँकेने आठ-दहा दिवस टोलवाटोलवी केली, मग मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा कागद निघाले. दर महिन्याला गाळ्यातल्या मालाचं विवरणपत्र बँकेला द्यावं लागतं. मार्चअखेरच्या विवरणपत्रात माल होता शहात्तर लाखांचा. सोबत त्याच तारखेचा ताळेबंद, त्याच सीएच्या सही-शिक्क्याचा. त्यात आमच्या बाईंच्या यजमानांच्या नावावर चौदा लाख जमा, उणे काहीच नाही. एक फर्म, एक तारीख, एक शिक्का आणि दोन ताळेबंद.

गुन्हा नोंदवला. फसवणूक, विश्वासघात, खोटे हिशेब तयार करणे. पंच घेऊन गाळ्यावर गेलो. आत पितळेच्या पट्ट्या, सळ्या आणि तयार भागांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. वजनकाट्यावर एकेक पेटी चढत होती आणि हवालदार बाई लिहून घेत होत्या. जुन्या प्रेसवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगाराला मी सहज विचारलं, "हा माल निकामी आहे ना?"

"कोण बोलला?" तो चक्क चिडला. "एकदम झकास माल आहे साहेब. या पंधरा पेट्या परवा पार्टीला जायच्या आहेत. आमच्या मिस्त्रींची डाय आहे, एक पीस रिटर्न येत नाय." मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान.

भागीदाराला नोटीस देऊन बोलावलं. पांढरा शर्ट, खिशाला महागडं पेन, तोंडावर तेच देणगीदाराचं हसू. सोबत वकील होता, त्याला बाहेर बसवलं. अशा माणसाला दरडावून काही उपयोग नसतो. दरडावलं की त्याला आपण छळ सोसतोय असं दाखवायला मिळतं. मी चहा मागवला आणि दोन्ही ताळेबंद त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"शेठ, यातला खरा कोणता?"

त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "दोन्ही खरे आहेत साहेब."

"दोन्ही?"

"म्हणजे, हा बँकेसाठी आहे. तो आपला... घरगुती."

घरगुती! चिवडा आहे का हा घरगुती करायला? पण मी आवाज चढवला नाही.

"असं करा. घरगुतीवाला खरा असेल तर गाळ्यात चार लाखांचा माल आहे, आणि शहात्तर लाख सांगून तुम्ही बँकेला फसवलंत. बँकेचा खरा असेल तर बहात्तर लाखांचा तोटा खोटा आहे, आणि तुम्ही या बाईंना फसवलंत. कुणाला फसवलं ते तुम्हीच निवडा. मी तसं लिहून घेतो."

चहावर साय धरली. मग त्याने ते वाक्य उच्चारलं, जे ऐकून आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"साहेब, सगळेच करतात ना यार. बँकेला एक, टॅक्सला एक, घरी एक. धंदा असाच चालतो. त्यात काय एवढं?"

काय एवढं! अठरा वर्षं ज्या माणसाने डाय घासून तुझा माल बाजारात उभा केला, तो सरणावर गेल्यावर चार महिन्यांत तू त्याच्या नावावर बावीस लाखांचं देणं चढवतोस, त्याच्या बायकोच्या डोक्यावरचं छप्पर हिशेबात काढून घेतोस, आणि मला विचारतोस काय एवढं? हे सगळं मी त्याला बोललो का? बोललो. शेवटी आवाजही चढला, बाहेरच्या वकिलालाही ऐकू गेला असेल. चौकशीच्या दृष्टीने ते चूक होतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सीए घाटकोपरहून आला. पस्तिशीचा, हुशार, बोलायला गोड. त्याचं म्हणणं, "क्लायंट जसा स्टॉक सर्टिफाय करून देतो तसा मी घेतो सर. आम्ही गाळ्यात जाऊन पेट्या मोजत नाही." हवालदार बाई टेबलाच्या बाजूला जबाब लिहीत बसल्या होत्या. लेखणी न थांबवता त्यांनी विचारलं, "सर, एकाच तारखेला क्लायंटने दोन आकडे दिले. पहिल्यावर सही करताना दुसरा आठवला नाही का?" पुढच्या अर्ध्या तासात बाहेर आलं ते असं: बहात्तर लाखांची ती ओळ भागीदाराने फोनवर सांगितली होती आणि सीएने ती जशीच्या तशी टाइप करून घेतली होती. आकडा कसा ठरला? उणे बावीस यायला हवे होते, म्हणून उलटा हिशेब करून ठरला. चारकोपच्या घरावर डोळा ठेवून आधी उत्तर काढलं आणि मग त्या उत्तराला गणित जोडलं. बारावीच्या मुलीने असं केलं असतं तर तिला शून्य मार्क मिळाले असते. या गृहस्थाला फी मिळाली.

प्रकरण इथे मार्गी लागलं असं वाचकांना वाटेल. नाही. भागीदाराला अटकपूर्व जामीन मिळाला. बँकेला मी विचारलं, तुम्ही तक्रार देता का? बँकेच्या व्यवस्थापकांनी शांतपणे लिहून दिलं की खातं नियमित आहे, हप्ते थकलेले नाहीत, त्यामुळे बँकेची काही तक्रार नाही. त्यांच्या कर्जदाराने त्याच तारखेचा दुसरा, खोटा ताळेबंद बनवला होता, याने त्यांना काही फरक पडत नव्हता. सीएच्या वर्तनाबद्दल त्यांच्या संस्थेला पत्र पाठवलं, त्याची पोच आली. पुढे काही कळलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्याच्या ऑफिसची पाटी होती तिथेच होती.

पण गुन्हा दाखल झाल्यावर धंद्यात नाव खराब होतं, आणि अशा माणसाला तेवढीच भीती असते. दोन महिन्यांनी वकिलामार्फत निरोप आला की सुधारित ताळेबंद सादर करतो, मृत भागीदाराचा वाटा वारसांना देतो. तपासाच्या कागदांत तो घ्यायचाच होता. पुरवणी जबाबासाठी बाईंना बोलावलं. सीए स्वतः नवा ताळेबंद घेऊन आला. तोटा गेला होता. यजमानांच्या नावावर चौदा लाख जमा होते.

"घ्या मॅडम," तो म्हणाला, "सगळं व्यवस्थित केलंय. इथे सही करा."

मधल्या दोन महिन्यांत बाई दर शनिवारी ठाण्यात येत होत्या, आणि काम आटोपलं की हवालदार बाईंशेजारी बाकावर बसून काहीतरी विचारत असायच्या. काय विचारत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सही केली नाही. चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वीस मिनिटं लागली. सीएने दोनदा घड्याळ पाहिलं.

"गुडविल कुठंय? फर्मच्या नावाची किंमत?" बाईंनी विचारलं.

"अं? मॅडम, एवढ्या छोट्या फर्मला गुडविल नसतं."

त्यांनी फाइलमधून भागीदारी करारनाम्याची झेरॉक्स काढली आणि नवव्या कलमावर बोट ठेवलं. भागीदार मरण पावल्यास गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट रक्कम गुडविल धरावी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. "सरासरी नफा नऊ लाख," बाई म्हणाल्या. "दुप्पट अठरा. यांचा अर्धा वाटा, नऊ. यांच्या हातच्या डाय वापरून अजून माल जातोय. पार्टी अजून मिस्त्रींचा माल म्हणून मागते. ते घाला यात."

सीएने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी त्याने पेन काढून हाताने नवी ओळ घातली. चौदाचे तेवीस झाले. दुरुस्तीच्या बाजूला सही केली, शिक्का मारला.

मग बाईंनी जबाबावर सही केली आणि विचारलं, "साहेब, या कागदाची झेरॉक्स मिळेल का? चार प्रती."

"तुमची प्रत तुम्हाला मिळेलच. चार कशाला?"

"गावाला पाठवायच्या आहेत. दिरांना, नणंदेला, चुलत सासऱ्यांना." फाइल मिटत त्या म्हणाल्या, "तो भागीदार गावी जाऊन सांगून आला होता, तुमच्या भावाने फर्मचे पैसे खाल्ले म्हणून. कागद दाखवला होता त्यांना. छापील कागद, शिक्का बघितला आणि सगळ्यांना खरं वाटलं. या गणपतीला दिरांनी मला दारात उभं केलं नाही. घराचं काय, साहेब, भाड्याने राहिले असते कुठेतरी. पण यांना चोर ठरवलं हो. आणि यांना तर काही बोलता येत नव्हतं."

तोवर मी हे प्रकरण एका घराचं समजत होतो. तीन महिने मी बावीस लाख, बहात्तर लाख, शहात्तर लाख हेच घोकत होतो. तो खोटा ताळेबंद म्हणजे एका मेलेल्या माणसावर लिहिलेला आरोप होता, त्याची फिर्याद कुठे नोंदलेली नव्हती आणि त्याला उत्तर द्यायला आरोपी जिवंत नव्हता. असा आरोप जिच्यापर्यंत पोचला ती बाई माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि मी तिला कोर्टात जायला सांगितलं होतं. या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या पोरांनी विचारलं तर मी एवढंच सांगतो: कागद पूर्ण वाचा. समजत नसेल तर ज्याला समजतं त्याला विचारा, मग तो तुमच्या हाताखालचा का असेना. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दिवाणी बाब हा शेरा मी एकदाही कागद न वाचता मारला नाही. उशिरा आलेली अक्कल आहे, पण आली.

खटल्याला अजून तारखा पडताहेत. सगळेच करतात, म्हणून त्याला कदाचित काही होणारही नाही, आणि या विचाराने मला आजही झोप लागत नाही. पण त्या दिवशी मी ठाण्याच्या मशीनवर चार झेरॉक्स स्वतः काढल्या, प्रत्येकीवर 'मूळ प्रतीशी पडताळली' असं लिहून माझी सही आणि ठाण्याचा गोल शिक्का मारला. तो शिक्का तिथे मारायची गरज नव्हती, नियमातही बसत नव्हतं. बाईंनी विचारलं, "हा कशाला, साहेब?"

म्हटलं, "गावात शिक्का बघतात ना, बाई. मग आपलाही असू दे."